परसबागेचे पान : भोपळ्याचा वेल



गतवर्षीच्या स्मरणिकेत ह्याच पानावर आपण अळूचा विचार केला होता. तो वाचून कित्येक भगिनींनी भोपळ्याविषयीही चार शब्द लिहावेत, अशी सूचना केली. सूचना सर्वथा योग्य होती; कारण आपल्या बेटावर असे मराठी घर विरळाच, ज्याच्या परसात एके काळी भोपळ्याचा वेल नव्हता; आणि सांप्रत अशी घरेही झपाट्याने वाढत आहेत, ज्यांच्या परसात वेल तर नाहीच, परंतु परसही उरलेले नाही. म्हणून ह्या वर्षीचे पान भोपळ्याला अर्पण करीत आहे.

शिक्षकाच्या पेशात वीस वर्षांहून अधिक काळ घालविल्यामुळे मला भोपळ्याची एक बाजू नित्य दिसते. परीक्षेत शून्य गुण मिळाले, की 'भोपळा मिळाला' असे आपण म्हणतो. खोटी समजूत नाहीशी झाली, की 'भ्रमाचा भोपळा फुटला'. दोघांचे मुळीच पटत नसेल, तर त्यांचे 'विळ्याभोपळ्याचे सख्य'. मराठी भाषेने ह्या बिचाऱ्या फळाला फारसा मान दिलेला नाही. एका ठिकाणी मात्र तिने त्याची भरपाई केली आहे. लेकीच्या घरी निघालेली म्हातारी वाघाच्या तावडीतून सुटून परतते, ती भोपळ्यात बसूनच. ही गोष्ट आपल्या आज्यांनी आपणांस सांगितली आणि त्यांच्या आज्यांनी त्यांना. संकटाच्या वाटेवर माणसाला सुखरूप घरी पोहोचविणारे वाहन म्हणून लोकांनी भोपळाच निवडावा, ह्यात केवळ गंमत नाही, अनुभवही आहे. तो अनुभव कोणता, हे पुढे सांगणारच आहे.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत 'भोपळा' ह्या एका शब्दात पुष्कळ फळे दडलेली आहेत. दुधी भोपळा निराळा. त्याची फुले पांढरी असून ती संध्याकाळी उमलतात. आपल्या भजनी मंडळींच्या तंबोऱ्याला जो भोपळा लागतो, तो ह्याच दुधीच्या कुळातला, कठीण कवचाचा. कोहळा निराळा, त्याची साल राखाडी-हिरवी व त्यावर पांढरी भुकटी असते, आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात तो हाच. आपण येथे बोलत आहोत तो तांबडा भोपळा, ज्याची फुले मोठी व पिवळी असून पहाटे उमलतात. काही भागांत ह्यालाच डांगर म्हणतात. आपले भोजपुरी बांधव त्याला कोंहडा म्हणतात, आणि बाजारात व शेजारीपाजारी आपण सर्वच त्याला क्रिओलीत 'झिरोमों' म्हणतो.

ह्या 'झिरोमों' शब्दाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. तो फ्रेंच भाषेतून आपल्याकडे आला, आणि फ्रेंचांनी तो दक्षिण अमेरिकेतील तुपी लोकांच्या भाषेतून घेतला. शब्दाप्रमाणे फळाचेही मूळ गाव अमेरिकाच होय. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळ्याच्या लागवडीचे जे पुरावे सापडले आहेत, ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी भरतखंडात तांबडा भोपळा कोणी पाहिलेला नव्हता. पुढे तो जहाजांतून आला, कोकणच्या परसात रुजला, आणि इतका आपला झाला, की ऋषिपंचमीच्या भाजीत त्याच्या फोडी पडू लागल्या. बैलाच्या श्रमाचे अन्न ज्या दिवशी वर्ज्य, त्या दिवशीच्या पवित्र भाजीत समुद्रापलीकडून आलेल्या ह्या पाहुण्याला स्थान मिळाले. 'तू कोठून आलास?' असे त्याला कोणी विचारले नाही. तो मातीत रुजला, उपयोगी पडला, एवढेच पाहिले गेले. जहाजातून येऊन परक्या मातीत रुजलेल्या आपल्यासारख्या लोकांना ह्या कथेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१८३४ ते १९२० ह्या काळात सुमारे पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. आज त्या स्थळाला आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून जागतिक वारशांच्या यादीत त्याची गणना होते. आपले पूर्वज मुंबई बंदरातून आले. त्यांतील पुष्कळ जण रत्नागिरी व आसपासच्या कोकण-घाटमाथ्यावरचे होते. करारातील शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ असे जिन्नस असत. परंतु ताजी भाजी ज्याची त्यानेच पाहावी लागे. उसाच्या मळ्यात दिवसभर राबून आल्यावर वसाहतीतील झोपडीमागच्या दोन हात जमिनीत जे उगवेल, तेच ताटातले कोरड्यास. अशा ठिकाणी भोपळ्याइतका उपकारी वेल दुसरा नव्हता. त्याला नांगर लागत नाही, मोठे शेत लागत नाही. उसाच्या शेतांतून वेचून काढलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावरही तो पसरतो. त्याचे फळ भाजीला, पाला भाजीला, फूल भजीला आणि बी भाजून खायला.

एक गोष्ट मात्र पूर्वजांना नव्याने शिकावी लागली, आणि ती आजही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. कोकणात मृग नक्षत्र लागले, पहिला पाऊस पडला, की आळ्यात बी टोचायचे, हा परिपाठ. आपल्या बेटावर मृग येतो तो जूनमध्येच. परंतु तेव्हा येथे थंडीचे दिवस सुरू झालेले असतात. आपला उन्हाळा व मुख्य पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, आणि थंड, तुलनेने कोरडा काळ मे ते ऑक्टोबर. पंचांगातील नक्षत्र तेच, पण त्याखालची हवा उलटी! सणवार जुन्या पंचांगाप्रमाणे आणि पेरणी नव्या मातीप्रमाणे, अशी दुहेरी गणना आपल्या आजे-पणज्यांनी शाळेचे तोंड न पाहता मनात बसविली. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू.

घरच्या परसासाठी वर्षातून दोन हंगाम सोयीचे. पहिला ऑगस्ट-सप्टेंबरचा. थंडी ओसरू लागताच बी लावावे, म्हणजे साधारण चार महिन्यांत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, फळे काढणीस येतात. दुसरा मार्च-एप्रिलचा. वादळांचा जोर ओसरल्यावर लावलेल्या वेलाची फळे भाद्रपदातील गणेश चतुर्थीपूर्वी हाताशी येतात. वाकोआ, क्युरपीप अशा पठारावरील गावांत थंडी व पाऊस दोन्ही अधिक. तेथे दुसऱ्या हंगामाचे बी मार्चमध्येच लावून मोकळे व्हावे, नाही तर वेल थंडीत आखडून बसतो. पश्चिम किनाऱ्यावर, काळ्या नदीच्या बाजूला, हवा उबदार व पाऊस थोडा. तेथे एप्रिलअखेरपर्यंत चालेल, मात्र पाणी हाताने द्यावे लागेल.

जागा अशी निवडावी, की दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल, आणि आग्नेयेकडून येणारा वारा भिंतीने वा कुंपणाने अडेल. दोन फूट रुंद व दीड फूट खोल आळे खणावे. निघालेल्या मातीत निम्म्याने कुजलेले शेणखत किंवा घरच्या पाल्यापाचोळ्याचे खत मिसळून आळे पुन्हा भरावे व मध्यभागी थोडा उंचवटा करावा, म्हणजे मुसळधार पावसात पाणी साचून मुळे कुजणार नाहीत. कोंबड्यांचे खत वापरायचे असल्यास ते जुने व थोडेच असावे. खत अति झाले, की वेल नुसता पानांनी माजतो आणि फळाचे नाव घेत नाही. वर्गातही असे विद्यार्थी आढळतात!

बी रात्रभर पाण्यात भिजवून एका आळ्यात तीन-चार ठिकाणी एकेक इंच खोल लावावे. उबदार हवेत आठवड्याच्या आत कोंब वर येतात. रोपांना तीन-चार पाने फुटल्यावर जोमदार अशी दोनच ठेवून बाकीची काढून टाकावीत. हे करताना हात धजत नाही, हे मी जाणतो. परंतु एका ताटात चौघे जेवायला बसले, तर चौघेही उपाशी उठतात. दोन आळ्यांत सहा ते आठ फुटांचे अंतर ठेवावे. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. पानांवर शिंपू नये. बुंध्याभोवती उसाचे पाचट पसरले, तर ओल टिकते व तण उगवत नाही. आपल्या बेटावर पाचटाला तोटा नाही.

ज्यांच्या घराभोवती आता सारे सिमेंटच आहे, त्यांनी निराश होऊ नये. एखादे मोठे पिंप अर्धे कापून, तळाला भोके पाडून, त्यात खतमाती भरली, तर एक वेल सहज पोसता येतो. तो कुंपणावर, मांडवावर किंवा गच्चीवर चढवावा. अधांतरी लोंबणाऱ्या जड फळाला जुन्या लुगड्याची वा साडीची झोळी करून आधार द्यावा, म्हणजे देठ तुटणार नाही. जमिनीवरच्या फळाखाली पाचट किंवा सपाट दगड ठेवावा, म्हणजे ते ओलीने कुजत नाही.

वेल पाच-सहा फुटांचा झाला, की त्याचा शेंडा खुडावा. त्यामुळे बगलेतून फाटे फुटतात, आणि मादीफुले बहुधा अशा फाट्यांवर अधिक येतात. खुडलेला शेंडा वाया जात नाही. तोच आपला 'ब्रेद झिरोमों'. कोवळी पाने व देठ ह्यांवरील काटेरी शिरा सोलून काढल्या, की पातळ 'बुयों' करा, वा लसणीची फोडणी देऊन कोरडी भाजी करा. मात्र फळे धरल्यावर पाला तोडण्याचा मोह आवरावा. फळाला गोडी येते ती पानांच्या कष्टाने.

आता त्या प्रश्नाकडे वळतो, जो मला शाळेत मुले विचारतात आणि घरी त्यांच्या माता विचारतात : "फुले तर पुष्कळ येतात, पण फळ का धरत नाही?" कित्येक घरी समजूत अशी, की वेलाला दृष्ट लागली. मग कोणी त्यावर काळे फडके बांधतो, कोणी फुटके मडके उपडे घालतो. वाचकहो, वेलाला दृष्ट लागत नाही. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नरफुलाचा देठ लांब व सडपातळ असतो. मादीफुलाच्या खाली सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीपासूनच दिसतो. आरंभी आठ-पंधरा दिवस येतात ती बहुतेक नरफुलेच. ती गळून पडावयाचीच. पुढे मादीफुले येतात, तेव्हा नरफुलातील पराग त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. हे काम मधमाश्यांचे. फूल पहाटे उमलते व दुपारपूर्वी मिटते. तेवढ्या अवधीत मधमाशी फिरकली नाही, किंवा सकाळभर पाऊस पडला, तर तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो.

उपाय सोपा आहे. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी, निदान आठ वाजेपर्यंत, ताजे नरफूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि आतील परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. एक नरफूल दोन मादीफुलांना पुरते. चार-पाच दिवसांत देठ जाड होऊ लागला, की फळ धरले असे समजावे. हे काम घरातील मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. पुस्तकातील परागीभवनाचे चित्र दहा वेळा गिरवून जे समजत नाही, ते एका सकाळी बोटाला पिवळी धूळ लागली, की जन्मभर विसरत नाही. शिवाय, शाळेला जाण्यापूर्वी लवकर उठण्याची सवय लागते, हा लाभ निराळाच.

ह्या वेलाचे शत्रू मुख्यतः दोन. पहिली फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. आत अळ्या होतात व फळ सडून पडते. धरलेल्या फळाला चौथ्या-पाचव्या दिवशीच कागदाची वा पातळ कापडाची पिशवी सैल बांधावी, आणि साल घट्ट होईपर्यंत ती तशीच ठेवावी. पडलेले किडके फळ उकिरड्यावर टाकू नये. बंद पिशवीत घालून कडक उन्हात ठेवावे किंवा दोन फूट खोल पुरावे. एकट्याने ही काळजी घेऊन भागत नाही. शेजाऱ्याच्या अंगणात सडलेले फळ म्हणजे आपल्या अंगणातील उद्याची माशी. दुसरा शत्रू भुरी रोग. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग पडतात. आरंभीच रोगट पाने काढावीत, आणि एक भाग दुधात नऊ भाग पाणी मिसळून सकाळच्या उन्हात पानांवर फवारावे. रोग फार पसरला नसेल, तर त्याने आळा बसतो. विषारी औषधे शक्यतो वापरू नयेत. वापरणे भाग पडल्यास शासनाच्या कृषी-विस्तार कार्यालयात विचारून, आणि फुले मिटल्यावर संध्याकाळीच फवारावीत. सकाळी फवारणारा माणूस मधमाश्या मारतो, आणि मग फळ धरत नाही म्हणून दैवाला बोल लावतो.

फळ काढण्याची घाई करू नये. देठ वाळून बुचासारखा खरखरीत झाला, सालीत नख रुतेनासे झाले, की फळ तयार झाले. दोन-तीन इंच देठ ठेवून ते धारदार सुरीने कापावे, आणि देठ धरून कधीही उचलू नये. देठ मोडला, की तेथूनच कुजण्यास आरंभ होतो. मग दहा-बारा दिवस उबदार, हवेशीर, पाऊस न लागणाऱ्या जागी ठेवून साल पक्की होऊ द्यावी. त्यानंतर फळीवर, एकमेकांना स्पर्श होणार नाही अशा रीतीने मांडून ठेवल्यास चांगला पिकलेला भोपळा तीन महिने सहज टिकतो. काही जाती त्याहूनही अधिक टिकतात. त्याला बर्फपेटी लागत नाही, आणि वीज गेली तरी त्याचे काही बिघडत नाही.

म्हाताऱ्या आजीला वाघापासून वाचविणारा भोपळा तो हाच. फेब्रुवारी १९६० मधील कॅरोल, फेब्रुवारी १९७५ मधील जर्वेझ, फेब्रुवारी १९९४ मधील होलांडा, जानेवारी २०२४ मधील बेलाल, अशी वादळांची नावे आपल्या घरांत जन्ममृत्यूंच्या तारखांसारखी सांगितली जातात. वादळ येते ते उभे पीक झोडपून काढते. पुढे कित्येक आठवडे बाजारात हिरवी भाजी मिळत नाही, आणि मिळाली तर तिला हात लाववत नाही. अशा वेळी डिसेंबरात काढून फळीवर ठेवलेले चार भोपळे म्हणजे त्या घराचा एक महिन्याचा धीर असतो. म्हणूनच वर सांगितलेला ऑगस्ट-सप्टेंबरचा हंगाम चुकवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वादळाचा काळ जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत ऐन भरात असतो. त्यापूर्वी फळ छपराखाली आले पाहिजे.

आणि संकट केवळ वाऱ्याचेच असते असे नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सारे बेट बंद झाले. महिन्याच्या अखेरीस सुमारे आठवडाभर मोठी दुकाने, किराणा दुकाने व पावाच्या भट्ट्याही बंद होत्या. २ एप्रिलपासून आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे ठराविक वारीच दुकानात जाण्याची मुभा मिळाली. आपल्या अन्नाचा फार मोठा भाग जहाजातून येतो, ही गोष्ट त्या दिवसांत लहान मुलांनाही कळली. ज्यांच्या परसात वेल होता, त्यांनी कुंपणावरून शेजाऱ्यांना पाला दिला, फोडी दिल्या. ज्यांच्या घरी पैसा होता पण परस नव्हते, त्यांनी त्या घेतल्या. कोण श्रीमंत आणि कोण गरीब, ह्याचा हिशेब काही दिवस निराळ्या पद्धतीने मांडला गेला.

आता स्वयंपाकघराकडे. मेथीच्या दाण्यांची फोडणी, चिमूटभर हळद, हिरवी मिरची, चवीपुरता गूळ आणि वरून ओले खोबरे, ही आपली भोपळ्याची भाजी. आपल्या हिंदू बांधवांच्या लग्नातील सात भाज्यांच्या पंगतीत, पुरीबरोबर वाढली जाणारी झिरोमोंची भाजी हिचीच बहीण होय. सणाला घारगे करावेत. भोपळ्याचा कीस त्याच्याच पाण्यात वाफवून, गरम असतानाच गूळ विरघळवावा. थंड झाल्यावर मीठ, वेलदोडा, कणीक व थोडे तांदळाचे पीठ घालून घट्ट मळावे. पाण्याचा थेंबही घालू नये. केळीच्या पानावर जाडसर थापून मंद आचेवर तळावेत. आपल्या बेटावर मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे, ह्यास्तव घारगे सणापुरते ठेवावेत आणि भाजी नित्याची करावी. भोपळ्यात पाण्याचा अंश फार, उष्मांक थोडे, आणि केशरी गरातील द्रव्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. एक सावधगिरी मात्र पाळावी. शिजविलेला भोपळा कडू लागला, तर तो गुळाने लपवून खाऊ नये, फेकून द्यावा. हा कडूपणा विषारी द्रव्याचा असतो. त्याने उलट्या व जुलाब होतात. अशा फळाचे बीही ठेवू नये.

बियांचा विषय निघालाच आहे, तेव्हा ह्या लेखाचा खरा हेतू सांगतो.

आज दुकानात मिळणारे पुष्कळसे बी संकरित असते. ते पहिल्या वर्षी उत्तम येते, हे मान्य. परंतु त्याच्या फळातील बी पुढच्या वर्षी लावले, तर तसेच फळ येण्याचा भरवसा नाही. म्हणून दर वर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. घरचे जुने बी तसे नसते. पिढ्यान्‌पिढ्या जे ह्या मातीत, ह्या वाऱ्यात, ह्या माशीला तोंड देत तगले, तेच आपल्या आज्यांनी निवडून ठेवले. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर राखेत घोळलेल्या बियांची एक बाटली असे. सर्वांत गोड फळाचे बी ती खाऊ देत नसे. ते बाटलीत जाई. लिहितावाचता न येणाऱ्या त्या माउलीला निवड म्हणजे काय, हे कोणा शास्त्रज्ञाने शिकविले नव्हते.

असे बी शुद्ध ठेवण्याची रीत कठीण नाही. दुसऱ्या दिवशी उमलणारी एक नर व एक मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधून ठेवावी. सकाळी सोडून हाताने पराग लावावा व मादीफूल पुन्हा बांधावे, म्हणजे दुसऱ्या जातीचा पराग त्यात शिरत नाही. त्या देठाला खुणेची चिंधी बांधावी. फळ वेलावर पूर्ण पिकू द्यावे, काढल्यावरही तीन-चार आठवडे ठेवावे आणि मगच चिरावे. भरदार बिया धुऊन सावलीत आठ-दहा दिवस वाळवाव्यात. वाकविल्यावर कट्‌कन मोडल्या, की वाळल्या असे समजावे. कोरड्या बाटलीत, नाव व साल लिहून ठेवाव्यात.

परंतु वाचकहो, बाटलीतील बी चिरंजीव नसते. चार-पाच वर्षे ते जिवंत राहते. पुढे त्यातील अंकुर एकेक करून मरू लागतो. बाटली तशीच दिसते, बी तसेच पांढरे दिसते, पण मातीत घातले तर उगवत नाही. आजीची आठवण म्हणून बाटली कपाटात जपून ठेवणारा नातू बी वाचवीत नाही. पाच वर्षांतून निदान एकदा जो ते मातीत घालतो, तोच वाचवितो. भाषेचेही असेच आहे, हे शिक्षकाने निराळे सांगावयास नको. वर्षातून एकदा उत्सवाच्या दिवशी कपाटातून काढलेली मराठी आणि रोज सकाळी मुलाशी बोललेली मराठी, ह्यांतील कोणती उगवेल, हे आपणच ठरवावे.

कित्येक घरांतील जुन्या आज्या आता राहिल्या नाहीत, आणि त्यांच्या बाटल्यांतील बियांची अखेरची वर्षे सरत चालली आहेत. म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी जुने बी असेल, त्यांनी ते ह्याच हंगामात लावावे. पुढील गणेशोत्सवास येताना प्रसादाच्या डब्याबरोबर कागदाच्या पुडीत दहा बिया आणाव्यात. पुडीवर गावाचे नाव, फळाचा आकार व चव, आणि ते बी घरात कोणी जपले तिचे नाव मराठीत लिहावे. मुलांकडून लिहवून घेतल्यास अधिक बरे. ज्यांच्याकडे बी नाही, त्यांनी रिकाम्या हाताने यावे व एक पुडी घेऊन जावे. अट एवढीच, की पुढल्या वर्षी त्यांनी दहाच्या वीस करून आणाव्यात.

एका आळ्याला दोन हात जागा पुरते, आणि एका सकाळचे काम. ऑगस्ट येईल तेव्हा हे पान शोधून पुन्हा एकदा वाचावे. पुढील वर्षी ह्याच जागी शेवग्याचा विचार करू. तोवर आपणां सर्वांच्या परसात वेल फुलोत आणि फळी भरलेली राहो, हीच गजाननाच्या चरणी प्रार्थना.